थांबायला सांगूनही गाडी घसरते, सर्व्हो थरथरतो: माझा अनुभव

अडथळा दिसला की थांबणारी छोटी घरगुती रोबो-गाडी: अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन (मोटरला वीज देणारा ड्रायव्हर बोर्ड), स्टिअरिंगला एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर). अडथळा १५ सेंमीवर दिसताच मोटर बंद व्हायची, तरी सोलापुरात घरोघरी असते तशा शहाबादी फरशीवर गाडी वीतभर घसरून भिंतीला टेकायचीच. त्यात सर्व्हो थरथरायचा आणि वेग कमी होत नव्हता.

सेन्सर बदलला, सेल बदलले, अंतर वाढवलं. चार संध्याकाळी पाण्यात.

आधी एल२९८एनवरच्या ईएनए पिनवरची (मोटर चालू-बंद करणारी, वेग ठरवणारी पिन) जंपर टोपी, म्हणजे दोन पिना जोडणारं छोटं टोपण, काढा (ही हमखास विसरते) आणि तिथली वायर अर्डुइनोच्या पिन ९ वरून ५ वर न्या. सर्व्होची लायब्ररी (तयार कोड) टायमर १ (अर्डुइनोच्या आतलं एक घड्याळ) ताब्यात घेते, म्हणून ९ आणि १० वर पीडब्ल्यूएम (वीज भरभर चालू-बंद करून वेग ठरवणं) चालत नाही. तिथे वेग लिहायला गेलं की सर्व्होही बिघडतो.

मग ब्रेक. ईएनए शून्य केलं की मोटर नुसती मोकळी सुटते. त्याऐवजी मोटरची दिशा ठरवणाऱ्या आयएन१, आयएन२ पिना दोन्ही लो (बंद), ईएनए २५५ (पूर्ण चालू). मोटरची दोन्ही टोकं ड्रायव्हरच्या आत जोडली जातात आणि तिचीच वीज तिला अडवते. या स्थितीत चाक बोटाने फिरवून पाहा, जड लागलं पाहिजे. २०० मिलिसेकंदांनी ईएनए शून्य करा.