चेक इंजिनचा दिवा लागला? आधी सेन्सर बदलू नका

पेट्रोल गाडीचा चेक इंजिन दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, 'पी ०१७१' कोड दिसतो आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचं ठरतं. नवा सेन्सर बसतो, बिल होतं आणि काही दिवसांत दिवा परत लागतो. गाडीवाल्याचे पैसे असे वाया गेलेले बघून खरंच वाईट वाटतं.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढाच त्या कोडचा अर्थ. बऱ्याचदा ही तक्रार करणारा ऑक्सिजन सेन्सर धडधाकट असतो.

इंजिनमध्ये किती हवा येते, हे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) एमएएफ (आत येणारी हवा थेट मोजणारा) किंवा एमएपी (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनला हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा) सेन्सरवरून ठरवतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल फवारणारा इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. शुद्ध पेट्रोलसाठी प्रमाण असतं १ ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळून आलेला वायू तपासतो, आणि त्यावरून ईसीएम पेट्रोल थोडं वाढवतो किंवा घटवतो. या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे फ्युएल ट्रिम. स्कॅनरवर कोड बघून थांबू नका, हा आकडा बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. सतत अधिक २० च्या पुढे असेल तर शोध घ्यायलाच हवा.

एमएएफ असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल, तर एमएएफच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. तडकलेला रबरी पाइप, सुटलेली व्हॅक्यूम नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. उलट लोड वाढला की ट्रिम चढत असेल, तर पंप, फिल्टर आणि पेट्रोलचा दाब तपासा, किंवा एमएएफ मळलाय का ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र एमएपी असतो. तिथे गळतीची हवा मॅनिफोल्डच्या दाबातून मोजली जाते, त्यामुळे कोड न येता नुसतं आयडलिंग वाढलेलं दिसू शकतं.

कोड 'घालवण्यासाठी' बॅटरीची तार काढणं ही दुसरी मोठी चूक. त्याने बिघाडाच्या क्षणी नोंदलेली माहिती पुसली जाते, ईसीएमने शिकलेली दुरुस्तीही जाते. पुरावाच राहत नाही.

एमएएफ सेन्सरमधली बारीक तार फडक्याने पुसू नका, कार्ब्युरेटर क्लीनरही मारू नका. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला इंजेक्टर क्लीनिंग करायची गरज नसते. ॲव्हरेज अचानक पडलं आणि काळा धूर येऊ लागला, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. इंजिन गरम असूनही तो थंड दाखवत असेल, तर ईसीएम जादा पेट्रोल देत राहतो.

गाडी नेहमी रिझर्व्हवर चालवायची सवयही सोडा. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. फ्युएल लाइन उघडायची असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कारण लाइनमध्ये बहुधा ३ बारच्या आसपास दाब असतो.

आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर ते जोरदार मिसिंग आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापून खराब होतो, म्हणून रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या.