धर्मग्रामातील तपसाधना फळाला यावी म्हणून या चुका टाळा

वसईतील कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील भाविकसमूहांत, ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की तीन-चार संध्याकाळच्या तपसाधनेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या, प्रवचन-प्रार्थनेच्या रिट्रीटची, तयारी सुरू होते. बाहेरचे प्रवचनकार फादर ठरतात, गायकवृंदाच्या तालमी होतात, आवारात खुर्च्या मांडल्या जातात आणि पहिल्या संध्याकाळी गर्दीही होते. एवढे होऊनही ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) तेच नेहमीचे चेहरे दिसले, तर धर्मगुरूंना साहाय्य करणाऱ्या पालकीय मंडळाच्या बैठकीत खापर सहसा प्रवचनकारांच्या माथी फुटते. हे निदान बहुधा चुकीचे असते. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतील कलम 770 ने अशा साधनांची व्यवस्था करण्याचे काम धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर सोपवले आहे. पाहुणे प्रवचनकार चार दिवसांनी निघून जातात. लोकांना कोणी बोलावले, कोणती वेळ ठेवली, पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे एकांतात पापे कबूल करून क्षमा मागण्याला, किती अवधी दिला आणि नंतर त्यांच्या घरी कोण गेले, हे सारे धर्मग्रामाच्याच हातात असते आणि श्रद्धेचे नवीकरण अडते तेही बहुतेक वेळा तेथेच.

सूचना वाचली म्हणजे निमंत्रण झाले, असे मानणे

मिस्साच्या शेवटी वाचलेली सूचना मिस्साला आलेल्यांनाच ऐकू जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत पत्रकही त्याच मंडळींच्या हाती पडते. ज्यांनी चर्चची पायरी चढून वर्षे लोटली आहेत, त्यांच्यापर्यंत दोन माणसांनी चालत जाण्याला पर्याय नाही. वाडीवार याद्या करून, तपसाधनेच्या निदान महिनाभर आधी या भेटी सुरू कराव्यात. जाणारी माणसे त्याच वाडीतील, ओळखीची असावीत, मात्र त्या घराशी ज्यांचा बांधावरून किंवा वाटेवरून वाद आहे त्यांना तेथे पाठवू नये. भेटीत हजेरी घेतल्यासारखे बोलणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. “तुम्ही हल्ली चर्चला दिसत नाही” या वाक्याने दार बंद होते. त्याऐवजी “काकी, बरेच दिवस तुमच्याकडे येणे झाले नाही, पुढच्या महिन्यात रिट्रीट आहे, तुम्ही याल तर आम्हांला बरे वाटेल” इतके म्हणून घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी आणि चहा घेऊन उठावे. नायगाव, वसई रोड, नालासोपारा येथील नव्या इमारतींत राहणाऱ्या कोकणी, मलयाळी किंवा तमिळ कुटुंबांना तर आपण या धर्मग्रामाचे आहोत हेच अनेकदा कोणी सांगितलेले नसते.

वेळेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पहिल्या दिवसाची गर्दी तिसऱ्या दिवशी ओसरण्याचे कारण अनेकदा त्यातच असते. साडेसहाला सुरू होणाऱ्या प्रवचनाला चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये उभा असलेला माणूस पोहोचू शकत नाही. एक दिवस तो अर्ध्या दिवसाची रजा काढेल, रोज काढणार नाही. उलट रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम लांबवला, तर पहाटे दादरच्या बाजारात फुले न्यायची असलेली बागायतदार मंडळी बसल्या जागी पेंगू लागतात. एकच प्रवचन सकाळच्या मिस्सानंतर आणि पुन्हा रात्री साडेआठला दिल्यास दोघांचीही सोय होते. दहावी-बारावीचे वेळापत्रक पाहून तारखा ठरवाव्यात, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

रागावणे, लांबवणे आणि घाबरवणे

जे आले आहेत त्यांना न आलेल्यांबद्दल बोलणी खावी लागणे, हा प्रकार आपल्याकडे फार रूढ आहे. मोबाइल, दारू, लग्नातला डामडौल यांवर तासभर ताशेरे ओढले की श्रोते मान डोलावतात, कारण प्रत्येकाला शेजारी आठवत असतो. प्रवचनकारांना बोलावतानाच धर्मग्रामाची खरी स्थिती लेखी कळवावी आणि रोजच्या संध्याकाळी निदान वीस मिनिटे पूर्ण मौनासाठी मागून घ्यावीत. ज्यांना 1922 साली पोप अकरावे पायस यांनी आध्यात्मिक साधनांचे आश्रयदाते संत घोषित केले, त्या संत इग्नेशियस लोयोला यांनी साधना देणाऱ्याला प्रारंभीच बजावले आहे की त्याने विषय थोडक्यात मांडावा, कारण पुष्कळ जाणल्याने नव्हे तर आतून चाखल्याने आत्म्याचे समाधान होते. आपल्याकडे मात्र मौन म्हणजे कार्यक्रमातली त्रुटी समजून गायकवृंद लगेच गीत सुरू करतो.

याहून गंभीर चूक भीतीची आहे. पूर्वजांच्या पापांमुळे घराण्यावर शाप आला आहे, असे सांगून आजारपणाची, न जुळणाऱ्या लग्नाची किंवा अपत्य नसण्याची कारणे लावणारे प्रवचन गर्दी खेचते, पण ते कॅथलिक शिकवणुकीत बसत नाही. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, हे यहेज्केलच्या 18 व्या अध्यायात स्पष्ट आहे आणि स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) सर्व पापांची क्षमा होते, ही चर्चची श्रद्धा आहे. रोगमुक्तीच्या प्रार्थनांबाबत व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने सप्टेंबर 2000 मध्ये काढलेल्या सूचनेत उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा देऊ नये, विशेषतः सूत्रे हाती असलेल्यांनी देऊ नये, असे म्हटले आहे. कोणी बरे झाल्याचे सांगितले तर त्याला लगेच माइकसमोर उभे करू नये. ती साक्ष नीट नोंदवून चर्चच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी, असेही त्याच सूचनेत आहे. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला “तुमची श्रद्धा कमी पडली” असा अर्थ लागेल, असे एकही वाक्य उच्चारले जाता कामा नये.

पापनिवेदन शेवटच्या रात्रीवर ढकलणे

या एका चुकीने सगळी मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून हिशेब करून पाहावा. तीनशे भाविक आणि प्रत्येकी चार मिनिटे धरली तर वीस तास होतात. शेजारच्या धर्मग्रामांतून धर्मगुरू बोलावून पाच जण बसले तरी चार तास लागतात. समारोपाच्या रात्री प्रवचन आणि मिस्सा यांच्यामध्ये पाऊण तास ठेवला, तर रांग पुढे सरकवण्याची घाई होते आणि पंधरा वर्षांनी आलेल्या माणसाला दोन वाक्यांत उरकावे लागते. पापनिवेदन दुसऱ्या दिवसापासून, सकाळी आणि रात्री, ठेवावे. ओळखीच्या फादरसमोर बोलायला संकोच वाटतो, म्हणून परक्या धर्मगुरूंची सोय हवीच, आणि जाळीच्या आडून बोलण्याचीही. रांग निदान आठ-दहा पावले मागे थांबवावी आणि आतला शब्द बाहेर येणार नाही इतपत मंद संगीत चालू ठेवावे.

पुष्कळांना पापनिवेदनाची प्रार्थनाच आठवत नसते आणि ते कबूल करण्याच्या लाजेने ते रांगेतून बाहेर पडतात. बाकावर ठेवलेला मोठ्या अक्षरांतला छापील कागद आणि “आठवत नसेल तरी या, फादर मदत करतील” ही रोजची घोषणा इतक्याने हा अडथळा दूर होतो. पापनिवेदनाची जागा छळकोठडी होऊ नये, असे पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली धर्मगुरूंना बजावले होते, पहिले वाक्य “इतकी वर्षे कुठे होतात?” असे असेल, तर ती तशी व्हायला वेळ लागत नाही. ज्यांचा विवाह चर्चच्या नियमांत बसलेला नाही, त्यांचा प्रश्न रांगेत सुटत नाही. त्यांना नकार देऊन परत पाठवण्याऐवजी त्याच आठवड्यातली भेटीची निश्चित वेळ द्यावी.

भावाभावांतले अबोले हा वेगळा विषय आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या 5 व्या अध्यायातील वचन प्रत्येक तपसाधनेत वाचले जाते आणि तेवढ्यावरच थांबते. वाद मिटवण्यासाठी मधे बसू शकतील अशी दोन-तीन विश्वासाची वडीलधारी माणसे आधी हेरून ठेवली, तर वचनाला पुढची पायरी मिळते. सर्वांसमक्ष मिठी मारायला लावणे मात्र टाळावे. जमिनीचा सात-बारा मिठीने बदलत नाही.

समारोपानंतर हात झटकणे

संत आल्फोन्स लिगोरी यांनी 1732 साली रिडेम्प्टरिस्ट संघ स्थापन केला, तो खेड्यापाड्यांत अशा मिशन-साधना देण्यासाठीच, आणि त्यांचे धर्मगुरू काही महिन्यांनी त्याच गावी नवीकरणासाठी परत जात असत. आपणही प्रवचनकारांना ठरवतानाच पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारची दुसरी भेट ठरवावी. नव्याने आलेल्यांना लगेच समित्यांवर घेण्याची घाई करू नये; वाडीतल्या रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) किंवा बायबल-वाचनाला शेजाऱ्याने सोबत नेणे पुरते. ज्या वाड्यांत भेटी झाल्या, जी घरे अजून राहिली आहेत आणि ज्या वेळा गैरसोयीच्या ठरल्या, त्यांची वही पालकीय मंडळाने कार्यालयात ठेवावी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंची बदली झाली तरी नव्या फादरांना पुढच्या प्रायश्चित्तकाळाची आखणी कोऱ्या पानापासून करावी लागणार नाही. पापनिवेदनाशी किंवा घरगुती वादांशी संबंधित एकही शब्द मात्र त्या वहीत नसावा.