सीपॅपचा मास्क बसवताना

ह्यांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) घरी आलं, तेव्हा पहिले काही आठवडे रात्री अडीच-तीनला फुसफुस आवाजाने मला जाग यायची. मास्कच्या वरच्या बाजूने हवा निसटून थेट डोळ्यांत जायची, सकाळी डोळे लालभडक. आम्ही दर वेळी पट्टे आणखी आवळायचो. नाकावर वळ उठले, पण गळती काही थांबेना.

आवळणं हीच चूक होती. बहुतेक मास्कची सिलिकॉनची कड दुपदरी असते. मशीनच्या हवेने चेहऱ्याकडचा पातळ पदर फुगतो आणि त्वचेवर बसतो. पट्टे करकचून ओढले की तो चेपतो, चुण्या पडतात आणि हवा तिथूनच वाट काढते.

म्हणून आधी सगळे पट्टे सैल करा आणि रोज झोपता तसं आडवं व्हा. बसून घातलेला मास्क आडवं झाल्यावर हमखास हलतो, कारण गालांची ठेवण बदलते. मशीन सुरू करा. रॅम्प (हवेचा दाब कमीपासून हळूहळू वाढवत नेणारी सोय) असेल तर तेवढ्यापुरता बंद ठेवा. नाहीतर ४ च्या प्रेशरला सगळं छान वाटतं आणि १० वर गेलं की फुसफुस सुरू. आता मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला, कड फुगू द्या, अलगद परत टेकवा. आमची निम्मी गळती एवढ्यानेच गेली. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, थोडे थोडे ओढा. पट्ट्याखाली बोट सहज सरकायला हवं. शेवटी कुशीवर वळून बघा.

मास्कच्या बारीक भोकांतून मात्र हवा येणारच. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर पडतो. ती भोकं कधीही बुजवू नका, हे अगदी कळकळीने सांगते.

झोपण्याआधी चेहरा धुऊन कोरडा करा, क्रीम लावू नका. सकाळी कड सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, स्पिरिट नको. नळी डोक्यावरून मागे घेतली तर कूस बदलताना मास्क ओढला जात नाही.

नाकाचा मास्क असून सकाळी तोंडाला कोरड पडत असेल, तर हवा बहुधा तोंडातून जाते आहे. पट्ट्यांशी झटापट न करता डॉक्टरांना विचारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागू शकतो.

एवढं करूनही गळतंय? मग कड जुनी झाली असेल. मी धुतल्यावर ती उजेडात धरून बघते. काठ ताठर किंवा लिबलिबीत लागला की नवी मागवते.