यंत्रराज हाताळताय? या चुका टाळा

जुनं कोरीव पितळ दिसलं की आपल्याकडे हात आधी चिंचेकडे जातो. देव्हाऱ्यातल्या समईला चिंच चालते. यंत्रराजाला, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायच्या अ‍ॅस्ट्रोलेब या जुन्या यंत्राला, ती अजिबात चालत नाही. या यंत्रावर महेंद्रसूरींनी १३७० मध्ये संस्कृतात ग्रंथ लिहिला. पुढे मोगल काळात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्यानं चार पिढ्या अशी यंत्रं घडवली. त्यांच्या वरच्या जाळीवर जी वेलबुट्टी दिसते, तिच्यातल्या पानाचं एकेक टोक म्हणजे एकेक तारा. नक्षी झिजली की आकाशाचा नकाशाच झिजला.

काही वर्षांपूर्वी एका खासगी संग्रहातलं असं यंत्र बघायला मला बोलावलं होतं. मोठे पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी ते चिंच-मीठ लावून काथ्यानं घासलं होतं. मी पोचलो तेव्हा सगळे खुशीत होते, यंत्र लखलखत होतं. भिंग लावलं आणि पोटात कालवलं. कडेच्या अंशांच्या बारीक रेघा जागोजागी पुसल्या होत्या. अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड बसली होती, आणि तिथं अरबी अक्षरं म्हणजेच आकडे असतात. पृष्ठभागावर गुलाबी डाग होते. आंबटानं जस्त खाल्लं की तांबं असं उघडं पडतं. तो एप्रिल होता. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पुढचं काहीच दिसलं नाही. आषाढात फोन आला, ‘हिरवे ठिपके येऊन राहिले.’ मिठातलं क्लोराइड खाचांत दबा धरून बसलं होतं. हवा दमट झाली आणि ते धातू खायला लागलं. असे ठिपके पुसून जात नाहीत, पुन्हा येतात. ते काम शेवटी जाणकार संवर्धकाकडेच द्यावं लागलं, आणि पुसलेल्या रेघा कायमच्याच गेल्या.

मी स्वतः कोरड्या मऊ ब्रशापलीकडे जात नाही. काळपट थर असेल तर असू देतो, तो बहुतेक वेळा धातूचं रक्षणच करतो. ‘पाच मिनिटांत चकाचक’ म्हणणाऱ्या बाटल्या तर घरातच आणू नका. काहींत अमोनिया असतो. इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना भेगा पडायच्या, त्या जनावरांच्या मुतातून निघणाऱ्या याच अमोनियामुळे.

नंगे हात नकोत, घामाचे ठसे कोरले जातात. नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे जाळीत अडकतात.

यंत्राचं कपाट कूलरच्या खोलीत नको. नव्या प्लायवूडचंही नको, त्यातून आंबट वाफा निघतात.

आता दुसरी चूक, माझ्या डोक्यात जाणारी. बाजारातली प्रतिकृती घेऊन पोरं येतात आणि म्हणतात, ‘काका, हे यंत्र चुकीचं सांगून राहिलं.’ आधी विचारतो, आत पत्रा कोणता बसवला? प्रत्येक अक्षांशाचा पत्रा वेगळा असतो. बहुतेकदा लाहोरचा, ३२ अंशांचा. नागपूर २१ अंशांवर आहे. रात्री ध्रुवाची उंची मोजा, २१ च्या आसपास येईल. तोच पत्रा हवा. मग विचारतो, सूर्य कुठे मांडला? ‘पंचांगात बघून.’ इथंच घोळ होतो. पंचांगातली मेष निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली, साधारण १४ एप्रिलला लागते. यंत्रावरची मेष सायन, म्हणजे दिवस-रात्र सारखी होण्याच्या बिंदूपासून मोजलेली, ती २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. अंतर सुमारे २४ अंशांचं. १४ एप्रिलला सूर्य मेषेच्या शून्यावर मांडला आणि रात्री एखादा तारा धरून वेळ काढली, तर जवळपास दीड तासाची चूक होते. दिवसा सूर्याच्या उंचीवरून काढली तर पाव तासाच्या आसपास. म्हणून मी पंचांग बाजूला ठेवायला लावतो आणि २१ मार्चपासून रोज एक अंश मोजायला सांगतो. एवढं थांबायची तयारी नसलेल्याला मी यंत्र हातात देत नाही.

एवढं करूनही घड्याळाशी १४ मिनिटं जुळली नाहीत तर घाबरू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ रेखांशाची आहे, आपण ७९ च्या जरा पुढे. वर्षभरात हा फरक बराच कमीजास्त होतो. जुन्या यंत्राच्या प्रतिकृतीवर तारेही सरकलेले दिसतात. साडेतीनशे वर्षांत संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलल्यामुळे, जवळपास पाच अंश होतात, त्यात यंत्र बनवणाऱ्याचा दोष नाही.

सूर्याकडे यंत्रामागच्या फिरत्या पट्टीच्या भोकांतून कधीही बघू नका, डोळा जाईल. वरच्या भोकातला उजेड खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवा. यंत्र कडीनं लटकू द्या, तळहातावर धरून मोजलेली उंची मी वहीत घेतच नाही.

आणि जाळीचं एखादं टोक वाकलेलं दिसलं तर चिमट्यानं सरळ करायला जाऊ नका. ठोकून पातळ केलेलं जुनं पितळ तिथं तुटतं. तो कोणता तारा आहे आणि टोक किती वाकलंय, एवढं वहीत लिहा आणि यंत्र परत पेटीत ठेवा.