कोडीसाठी रिमोट घेण्याआधी

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) कोडी हे सिनेमे-गाणी चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं, सिनेमे आणि गाणी हार्ड डिस्कवर लावली, केबल टीव्हीत खोचली, की रिमोट लगेच मागवला जातो. थोडं थांबा. आधी हे ठरवा की घरात हा प्लेअर सगळ्यात जास्त कोण चालवणार. सेटिंग करणारा माणूस कीबोर्डवरही काम भागवतो. पण दुपारी एकट्याच घरी असणाऱ्या आजींना कोणाला हाक न मारता कीर्तन किंवा जुना सिनेमा लावता आला पाहिजे. रिमोट त्यांच्या हाताच्या मापाने निवडायचा. बाकी सगळं त्यानंतर.

खिशात हात घालण्याआधी टीव्हीचा स्वतःचा रिमोट चालतो का ते बघा. एचडीएमआय केबलमधूनच बटणांचे संदेश पाठवण्याची सोय असते, तिला सीईसी म्हणतात, आणि पाय ती ओळखतो. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. पुष्कळदा ती सेटिंगमध्ये बंद असते. ती चालू करा, पाय ४ असेल तर दोन छोट्या एचडीएमआय पोर्टांपैकी वीज घेणाऱ्या तोंडाजवळचं वापरा, आणि बाण, ओके, बॅक दाबून पाहा. काहीच हललं नाही तर केबल बदलून बघा, कारण काही स्वस्त केबलमध्ये १३ नंबरच्या पिनची तार जोडलेलीच नसते आणि सीईसी नेमकी तिच्यावरून चालते. चाललं, तर कोडीत इनपुटखाली पेरिफेरल्समध्ये जाऊन ‘टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं’ हा पर्याय जरूर तपासा. तिथे शटडाऊन असेल, तर रात्री टीव्ही बंद केल्यावर प्लेअरही बंद होतो आणि सकाळी रिमोटने उठत नाही. पॉज किंवा स्टॉप ठेवा. माझ्या मते अर्ध्या घरांचा प्रश्न इथेच, एक रुपयाही न घालता सुटतो.

पण अनेक घरांत टीव्हीचा रिमोट फक्त सोर्स बदलण्यापुरता उरलेला असतो, बाकी राज्य सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटचं. काही टीव्ही होम किंवा मेनूचं बटण स्वतःच गिळतात, ते पुढे पोचतच नाही. मग वेगळा रिमोट लागतो. त्यासाठी पायची डबी कुठे बसणार आहे ते नीट पाहून घ्या.

डबी समोर उघड्यावर असेल तर इन्फ्रारेड, म्हणजे नेहमीच्या टीव्ही रिमोटसारखा समोर रोखायचा रिमोट, चालेल. तीन पायांचा ३८ किलोहर्ट्झचा रिसिव्हर अगदी स्वस्तात मिळतो. जोडणार असाल तर ३.३ व्होल्टच्याच पिनवर जोडा, ५ व्होल्टवर लावलात तर पायची पिन जळू शकते. सोल्डरिंग नको असेल तर यूएसबीत खोचायचा फ्लर्क (Flirc) नावाचा रिसिव्हर घ्या, तो जवळपास कुठल्याही जुन्या रिमोटची बटणं शिकून घेतो. फक्त त्याला शिकवण्यासाठी घरात वापरात असलेला रिमोट घेऊ नका. एसीचा, पंख्याचा, सेट-टॉप बॉक्सचा, सगळ्यांचे किरण एकाच खोलीत फिरत असतात, आणि चॅनल बदलताना सिनेमा थांबायला लागला की आधी कारणच लक्षात येत नाही. मोडीत निघालेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट यासाठी उत्तम. तो जिवंत आहे का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतं: बटण दाबताना पुढचा दिवा जांभळट चमकायला हवा. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा.

डबी शोकेसच्या लाकडी दाराआड किंवा टीव्हीच्या पाठीमागे चिकटवलेली असेल तर इन्फ्रारेडचा नाद सोडा आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा, यूएसबी डोंगलसह (पोर्टात खोचायच्या छोट्या रिसिव्हरसह) येणारा रिमोट घ्या. तो कुठेही रोखावा लागत नाही. मात्र डोंगल कुठल्या पोर्टात खोचता याला फार महत्त्व आहे. पाय ४ वरची निळी पोर्टं यूएसबी ३ ची. तिथे हार्ड डिस्क जोरात काम करू लागली की त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. रिमोटची बटणं चुकतात, कधी एकच बटण दोनदा लागतं, आणि लोक रिमोटलाच खराब ठरवून परत पाठवतात. डोंगल काळ्या पोर्टात लावा, त्याहून चांगलं म्हणजे यूएसबीच्या एक्स्टेन्शन केबलने डिस्कपासून लांब पुढे आणा. ही केबल रिमोटसोबतच मागवून ठेवा. आणि डोंगल त्या रिमोटचीच जोडी असते, हरवली तर बहुतेक वेळा रिमोटही वाया जातो. म्हणून ती काढून खिशात ठेवायची सवय नको.

ब्लूटूथची शिफारस मी पहिल्याने करणार नाही. पाय ३ पासून ते बोर्डातच आहे, पोर्ट अडत नाही, हे खरं. पण वीज वाचवायला रिमोट झोपतो, उठवताना पहिलं बटण वाया जातं, आणि ‘दाबलं तरी होत नाही’ म्हणत माणूस चार वेळा दाबतो.

आता बटणं. इथे वेळ द्या. कोडीला लागतात चार बाण, ओके, बॅक, होम, प्ले-पॉज, आणि एक बटण जे विसरलं जातं ते कॉन्टेक्स्ट मेनूचं, म्हणजे निवडलेल्या सिनेमाचे किंवा गाण्याचे जास्तीचे पर्याय उघडणारं. कीबोर्डवर ते सी. ते नसेल तर सिनेमा पाहिला अशी खूण करणं किंवा गाणं रांगेत घालणं अडतं. सबटायटल चालू-बंद करणारं टी असेल तर सोनं. बाणांची गोल कडी आणि मधलं ओके यांत अंतर हवं, ओके थोडं खोलगट किंवा उठावाचं हवं. हे नुसतं दिसण्यासाठी सांगत नाही. कोडीत सिनेमा चालू असताना डावा-उजवा बाण काही सेकंदांनी मागेपुढे नेतो, पण वरचा बाण, फाइलमध्ये चॅप्टर नसतील तर, एकदम दहा मिनिटं पुढे उडी मारतो. ओकेवर जाणारा अंगठा जरा वर सरकला की गोष्ट हातची जाते, आणि आजींना वाटतं आपल्याकडून काहीतरी बिघडलं. म्हणून रिमोट हातात आला की डोळे मिटून अंगठ्याने ओके, बॅक, पॉज शोधून पाहा. सापडत नसतील तर परत करा. मागच्या बाजूला छोटा कीबोर्ड असलेला एअर माऊस (हवेत हलवून पडद्यावरचा बाण फिरवायचा रिमोट) सेटिंगच्या दिवशी कामाला येतो, पण घरच्यांच्या हाती तो देऊ नका. उलटा धरला की तळहाताखाली अक्षरं दाबली जातात.

आवाजाचा विचार वेगळा करावा लागतो. डोंगलच्या रिमोटवरची आवाजाची बटणं कोडीचा आवाज बदलतात, टीव्हीचा नाही. ऑडिओ पासथ्रू चालू असेल, म्हणजे कोडी आवाज जसाच्या तसा पुढे पाठवत असेल, तर तेवढंही होत नाही. टीव्हीचं पॉवर आणि आवाज शिकून घेणारी इन्फ्रारेड बटणं असलेले रिमोट मिळतात. चार पैसे जास्त गेले तरी तसा घ्या, म्हणजे हातात एकच रिमोट राहील.

अँड्रॉइड फोनवर कोडीचं अधिकृत ॲप ‘कोरे’ (Kore) टाकून ठेवा, पण जोडीला म्हणून. कोडीच्या सर्व्हिसेसमध्ये एचटीटीपीवरून कंट्रोलला परवानगी द्यावी लागते आणि फोन त्याच वायफायवर हवा. सिनेमाचं नाव एकेक अक्षर बाणांनी निवडत बसण्यापेक्षा फोनवरून टाइप करणं कितीतरी सोपं. रोजचा रिमोट म्हणून मात्र फोन नको, तो माणसासोबत घराबाहेर जातो.

शेवटी बॅटरी. घरात लहान मूल असेल तर सीआर २०३२ची बटणासारखी बॅटरी टाळा, गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं. घ्यायचाच असेल तर स्क्रूने बंद होणारं झाकण बघा. ट्रिपल ए सेलचा रिमोट सगळ्यात सोयीचा, सेल वाण्याकडेही मिळतात. आणि रिमोटच्या पॉवर बटणाला (ते टीव्हीला दिलं असेल तर दुसऱ्या मोकळ्या बटणाला) कोडीचा शटडाऊन मेनू नेमून द्या. प्लग खेचून पाय बंद केला की मेमरी कार्डावरचा डेटा खराब होऊ शकतो, आणि घरच्यांना रिमोटवर बंद करायची जागा सापडली नाही तर ते प्लगच खेचणार.