नोकरीत राहून शिक्षणशास्त्रात पीएचडी करताना

पीएचडीला नाव घातलं तेव्हा मी शाळेत पर्यवेक्षिका होते. वर्गनिरीक्षण, वेळापत्रक, बदली तास, पालकांच्या तक्रारी आणि वर आठवड्याला स्वतःचे बारा तास. पदवी हातात यायला सहा वर्षं लागली. नव्याने प्रवेश घेणारे मला हमखास विचारतात, वेळ कुठून काढलात? वेळेचं कसंबसं जमतं. माझी जवळजवळ दोन वर्षं खाल्ली ती विषयाने आणि माझ्या खुर्चीने, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी पदवीचं बघू. शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट दोन प्रकारची असते, हे मला नाव घातल्यावर कळलं! पीएचडी जुनी, कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजने पहिली 1893 साली दिली. एडडी, म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन, 1920 साली हार्वर्डने सुरू केली. कागदावर फरक असा की पीएचडीने ज्ञानात भर घालायची आणि एडडीने कामातली एखादी अडचण अभ्यासून सोडवायची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन्हींचे प्रबंध शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते ओळखू येत नाही. यावरून इतकी वर्षं वाद चालला की 2007 साली अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने काही विद्यापीठांनी एडडीची नव्याने मांडणी करायला घेतली. पुढे 2014 पासून खुद्द हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने एडडीच्या जागी पीएचडी आणली. विद्यापीठात शिकवायचं असेल तर सरळ पीएचडी घ्या. शाळेतच राहायचं असेल आणि एडडीची सोय असेल, तर तिथून बाहेर पडलेल्या दोघांचे प्रबंध चाळा आणि मग ठरवा. माहितीपत्रकावर जाऊ नका.

आता विषय. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक अडीच ओळींचं होतं. त्यात ‘गुणवत्ता’, ‘सर्वांगीण’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ हे तिन्ही शब्द होते. गाइड सरांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “उद्या सकाळी तुम्ही कुठे जाणार आणि काय बघणार?” मला उत्तर देता आलं नाही. तरी मी हट्टाने आठ महिने तोच विषय धरून बसले, कारण तो मोठा वाटत होता. शेवटी उरलं ते रोजच्या कामातलंच: वर्गनिरीक्षणानंतर आपण जो अभिप्राय लिहून देतो, त्याचं शिक्षक पुढे करतात काय? हा प्रश्न मला पाच वर्षं छळत होता, पण तो ‘विषय’ असू शकतो असं कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला विषय सापडत नसेल तर गेल्या महिन्यात कामावर कशावरून चिडचिड झाली ते लिहून काढा. मग सरांचा प्रश्न त्याला लावून बघा.

पद्धतीतही मी आपटले. समूहातल्या किती जणांकडून माहिती घ्यायची, म्हणजे नमुना किती मोठा हवा, हे ठरवायला क्रेजसी आणि मॉर्गन यांचा 1970 सालचा तक्ता बरेच जण वापरतात. त्यात हजार जणांच्या समूहाला 278 चा नमुना लागतो. मीही 278 हा आकडा आराखड्यात थाटात लिहिला. तीन महिने पाठपुरावा करून 61 प्रश्नावल्या परत आल्या आणि त्यातल्या कित्येकांत सगळीकडे ‘सहमत’वर खूण होती. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने एकट्याने झेपेल असा आकडा आधी बघावा, तक्ता नंतर. मी मुलाखतींकडे वळले आणि तिथे खुर्ची आडवी आली.

साहजिकच सुरुवात स्वतःच्या शाळेतून केली. माणसं ओळखीची, परवानगी हातची, प्रवास शून्य. पहिली मुलाखत एका शिक्षिकेची होती. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग समोरची वही मिटली, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, हे ऑफिशियल आहे का?” मी म्हटलं, नाही हो, माझ्या पीएचडीसाठी. पुढची चाळीस मिनिटं तिने माझे अभिप्राय किती उपयोगी पडतात ते सांगितलं. बाकी चौघांनीही तेच सांगितलं. मी खूश! पाचही मुलाखती टाइप करून सरांकडे नेल्या. सरांनी एवढंच विचारलं, “तुम्हाला नाही म्हणायची सोय यांच्यापैकी कोणाला होती?”

संमतीपत्रावर सह्या होत्या सगळ्यांच्या. पण जिच्या गोपनीय अहवालावर माझी सही होते, ती मला नाही कसं म्हणणार? आणि माझ्या तोंडावर माझे अभिप्राय निरुपयोगी आहेत असं तरी कसं सांगणार? नोकरीत राहून संशोधन करणाऱ्या प्रत्येकासमोर हे कधी ना कधी येतं. काम तुम्हाला प्रश्न देतं, पण उत्तर मिळवायच्या जागी तुम्ही आधीच साहेब म्हणून बसलेले असता. त्या पाच मुलाखती मी पायलट, म्हणजे सरावाच्या, म्हणून बाजूला काढल्या आणि जिथे मला कोणी ओळखत नाही अशा तीन शाळांमध्ये गेले. नव्याने परवानग्या, नव्याने ओळखी. वर्ष गेलं. मात्र तिथल्या दुसऱ्याच मुलाखतीत एक शिक्षक म्हणाले, “शेऱ्याचा कागद? तो मी फाइलला लावतो. वाचतो कोण?” तेव्हा कुठे माझं संशोधन सुरू झालं.

परवानगीवरून आठवलं. वरिष्ठांना सांगा आणि त्यांनी काय कबूल केलंय ते लेखी घ्या. मला एका शाळेत तोंडी होकार होता. तिथले मुख्याध्यापक बदलले आणि नव्यांनी मला ओळखही दाखवली नाही. त्यांचंही चूक नाही.

आता वेळ. एक तासाची मुलाखत टाइप करायला मला पाच तास लागत. अशा चौदा होत्या, म्हणजे सत्तर तास, आणि हे विश्लेषणाच्या आधी. मला उमगलं ते असं: वाचन तुकड्यांत होतं, टाइप करणंही होतं, पण कोडिंग (मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थानुसार खुणा करणं) आणि प्रकरण लिहिणं तुकड्यांत होत नाही. एक मुलाखत डोक्यात भरायलाच दीड तास जातो. म्हणून पहाटेचा सव्वा तास वाचनाला ठेवला, रजा एकेक दिवस न उधळता साठवली आणि विश्लेषणाला सलग अठरा दिवस घेतले. परीक्षा आणि निकालाच्या काळात काहीही ठरवू नका. ते दोन महिने नाहीतच असं धरा, म्हणजे अपराधीही वाटत नाही. रोज काम थांबवून उठताना ‘उद्या इथून’ अशी एक ओळ लिहून ठेवायची. दहा दिवस खंड पडला तरी धागा सापडतो.

संदर्भांच्या नोंदी ठेवायला पहिल्या दिवसापासून झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे. मी एपीएच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, संदर्भ-नियमांच्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे हाताने यादी केली होती. ऑक्टोबर 2019 मध्ये सातवी आवृत्ती आली, प्रकाशनाचं शहर लिहायचं बंद झालं आणि मी दीडशे नोंदींतून शहरं खोडत बसले.

विश्लेषणाच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, ‘मुलाखतींतून चार सूत्रं वर आली.’ सूत्रं म्हणजे अनेकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा दिसणारे मुद्दे. सरांनी ‘वर आली’ला गोल केला. ब्राउन आणि क्लार्क यांच्या ज्या 2006 च्या लेखातल्या सहा पायऱ्या मी वापरत होते, त्यातच म्हटलंय की सूत्रं आपसूक वर येत नाहीत, संशोधक ती निवडतो. म्हणजे का निवडली तेही लिहायला हवं. प्रकरण पुन्हा लिहिलं.

त्या वाया गेलेल्या पाच मुलाखतींबद्दल प्रबंधात लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडले होते. शेवटी दोन पानं लिहिली. व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट तीच पानं उघडली आणि म्हणाले, “इथून सुरू करू.” पाऊण तासातला अर्धा वेळ त्यावरच गेला. नंतर अकरा दुरुस्त्या आल्या. त्यातल्या नऊ तक्त्यांच्या क्रमांकाच्या होत्या.