काळ्या मातीच्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजी कशी करावी

सोलापुरात लाल चेंडूने गोलंदाजी करणाऱ्याने रनअप मोजण्याआधी खेळपट्टीची माती पाहावी. आपल्याकडची काळी माती ओलावा धरून ठेवते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते; तिच्यावर चेंडू वानखेडेच्या लाल मातीवर उसळतो तितका सहसा उसळत नाही, तो संथ येतो आणि खाली राहतो. त्यामुळे कसोटीच्या धर्तीवरील सामन्यात येथे आखूड चेंडूंचा भडिमार म्हणजे, माझ्या मते, निव्वळ दमछाक आहे.

पहिल्या सकाळी खेळपट्टीत ओल असेल, तर शिवण सरळ उभी धरून ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर, फलंदाजाला पुढे यावे लागेल अशा टप्प्यावर मारा करावा. ऊन चढले की (आणि येथे त्याला फार वेळ लागत नाही) रेषा यष्ट्यांवर आणावी, म्हणजे खाली राहिलेला चेंडू त्रिफळा किंवा पायचीत मिळवून देतो.

खरे कौशल्य जुन्या चेंडूचे. कोरड्या मैदानावर एक बाजू आपोआप खरखरीत होते. दुसरी घामाने घासून चकचकीत ठेवावी, कारण थुंकी लावण्यावर आयसीसीने २०२२ मध्ये कायमची बंदी घातली आहे. पुरेसा वेग असल्यास असा चेंडू चकाकीच्या दिशेने वळतो, म्हणजेच रिव्हर्स स्विंग होतो; तेव्हा टप्पा पुढे ठेवावा आणि अधूनमधून यॉर्कर टाकावा. कसोटीत ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, परंतु जुना वळत असेपर्यंत कर्णधाराने घाई करू नये.